समुद्राची चुनी

"फुटकं टाकून द्या" हे मी म्हणालो होतो. वहिनी नाही.

बारा-तेरा वर्षं होत आली. आमच्या घरात, नांदेडच्या विद्यापीठातल्या विभागात, दादाच्या मिलमध्येसुद्धा सगळ्यांची समजूत अशी आहे की माझ्या पीएच.डी.च्या कामात वहिनीच्या हातून मोठी चूक झाली आणि मी ती कशीबशी निस्तरली. ही समजूत मीच करून दिली, आणि नंतर नुसता गप्प राहून टिकवली. खरं काय ते मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. कमी बोलणारा माणूस म्हणून मला लोक ओळखतात आणि त्याला सभ्यपणा समजतात. त्यात सभ्यपणा किती आणि भित्रेपणा किती, हे मला चांगलं माहीत आहे.

मी लातूरच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवतो. लग्न केलं नाही. का, तो वेगळा विषय आहे आणि वेगळाच राहू दे. थोरल्या भावाकडे राहतो. दादा डाळमिलमध्ये मशीनवर आहे. वहिनी देगलूरकडची, शेतकऱ्याच्या घरातली. समोर मी तिला अहो-जाहो करतो, पण मनात ती 'ती'च आहे, म्हणून इथंही तसंच लिहितो. लग्न होऊन लातूरला आली आणि दादाच्याच मिलमध्ये डाळ निवडायला जाऊ लागली. पट्ट्यावरून तुरीची डाळ वाहत यायची, दोन्ही बाजूंनी बाया बसलेल्या. खडा, काळा दाणा, किडका दाणा, फुटका तुकडा, सगळं चालत्या पट्ट्यावरून वेचायचं. दहा-अकरा वर्षं तिनं ते केलं. मग सॉर्टेक्स मशीन आलं. ते रंग बघून खराब दाणा हवेच्या फुंकरीनं उडवतं. बाया घरी बसल्या, त्यांच्याबरोबर वहिनीही. आणि ते मशीन चालवायला कोण, तर दादा! पुढं वर्षभर जेवताना वरणात खडा लागला की ती शांतपणे म्हणायची, "तुमच्या मशीनला चष्मा लावा आता."

दादा म्हणायचा, "मशीन पगारवाढ मागत न्हाई, अन् टोमणे बी मारत न्हाई."

"म्हणूनच त्येला कुणी जेवायला वाढत न्हाई."

चाळिशी ओलांडल्यावर मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं. कॉलेजात बढतीसाठी ती लागते, हे एक कारण. दुसरं कारण सांगायला मला लाज वाटायची: तो विषय मला मनापासून आवडला होता.

विषय असा. मागच्या हिमयुगात हवेतला कार्बन डायऑक्साइड नंतरच्या काळापेक्षा बराच कमी होता. मग तो गेला कुठं? जमिनीवर झाडझाडोरा कमी झालेला, तिथं तो मावणार नाही. उरतो समुद्र, आणि तोही खोल. दक्षिण ध्रुवाभोवती समुद्रावर बर्फ पसरलं, पाण्याचं वरखाली होणं मंदावलं. वर जगणारे बारीक जीव मरून खाली पडत राहिले, त्यांच्यातला कार्बन तळाच्या पाण्यात साठत गेला आणि झाकण घातल्यासारखा तिथंच कोंडून राहिला, हजारो वर्षं. बर्फ वितळायला लागलं तेव्हा तो वर आला, हवेत गेला. याच्या खुणा तळाच्या चिखलात सापडतात. कार्बन साठलेलं पाणी किंचित आंबट होतं, आणि त्यात चुन्याची बारीक कवचं झिजतात, फुटतात. थराथरातून अख्खी किती आणि फुटकी किती हे मोजलं की त्या काळी खाली काय साठलं होतं त्याचा अंदाज येतो. सगळ्या समुद्रांत हे सारखं घडत नाही, आणखी दहा गोष्टी ताडून बघाव्या लागतात. पण माझ्या वाट्याला आलेलं काम एवढंच होतं. फुटकी मोजायची.

किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेतून मला हिंद महासागराच्या तळाचा चिखल मिळाला. चाळीस नमुने, प्रत्येक जेमतेम दोन चमचे, छोट्या पिशव्यांत. एक नंबर सगळ्यात वरचा, म्हणजे अलीकडचा. चाळीस नंबर सगळ्यात खालचा, हिमयुगातला. परत मागायची सोय नव्हती.

हा चिखल बारीक चाळणीवर धुवावा लागतो, आणि त्याला पाणी लागतं बादल्यांनी. आमच्याकडे तेव्हा नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं. पहिला नमुना मी मोरीत धुवायला घेतला आणि वहिनी दारात येऊन उभी राहिली.

"भावजी, काय करून राहिलात?"

"चिखल धुतोय. समुद्राचा आहे."

"समुद्रात पाणी नव्हतं व्हय? आमच्या टाकीतलंच लागतंय?"

त्यानंतर धुण्याचं काम नांदेडला गेलं. तिथं गोदावरी आहे, विभागाच्या नळाला धार आहे. शनिवारी सकाळच्या एसटीनं अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठायचं, चिखल धुवायचा, भट्टीत वाळवायचा आणि रविवारी परत. जाताना पिशवीत दोन चमचे चिखल, येताना चिमूटभर पांढरी वाळू. ती वाळू म्हणजेच कवचं. धुणं नांदेडला, निवडणं लातूरला, असं ते ठरूनच गेलं.

निवडायला मी एक जुना सूक्ष्मदर्शक विकत घेऊन खिडकीपाशी मांडला होता. काळ्या ताटलीत वाळू पसरायची, अगदी बारीक ब्रश ओला करायचा, त्याच्या टोकावर एकेक कवच उचलायचं आणि चौकोन आखलेल्या पट्टीवर ठेवायचं. मला ते जमेना. मान धरायची, हात थरथरायचा, उचललेलं कवच शिंकेबरोबर नाहीसं व्हायचं. एका दुपारी वहिनी सुशीलाची, म्हणजे फोडणीच्या मुरमुऱ्यांची, ताटली घेऊन आली. मुरमुऱ्याचा एक दाणा माझ्या कागदावर पडलेला तिनं उचलला आणि म्हणाली, "तुमचं काय चाललंय ते बघू द्या तरी."

मी उठलो. ती बसली. पदर मागं टाकला, डोळा लावला.

"अय्यो! हे तर फुटाणे हायत!"

मी उभाच. तिनं हात पुढं केला, मी ब्रश दिला. तिनं त्याचं टोक जिभेला लावलं आणि पहिल्याच फटक्यात एक कवच उचलून चौकोनाच्या बरोबर मधोमध ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. माझी सुशीला गार झाली.

"सोपं हाय की," ती म्हणाली. "डाळ तर पळत असती. हे बिचारं जाग्यावर बसलंय."

अशी ती माझ्या कामात आली. सकाळची कामं आवरून दादा मिलमध्ये गेला की ती 'दुर्बिणी'वर बसायची. मला ज्या नमुन्याला आठवडा लागला असता तो ती दीड दिवसात उरकायची. लॅटिन नावं तिला सांगायचा मी प्रयत्न केला, तिनं हात झटकला. तिची नावं तिची होती: फुटाणा, लाही, साबुदाणा, एकाला एक चिकटलेले असतात ती जोडगोळी, आणि सगळ्यात बारकं ते 'चिन्न'. देगलूरकडं तेलुगू येता-जाता कानावर पडतं, तिथून तो शब्द आलेला. मी आजही वर्गात लॅटिन नाव उच्चारतो आणि मनात 'लाही' म्हणतो.

ते दिवस फार चांगले होते. कॉलेजातून आलो की ती उत्साहानं सांगायची, "आज साबुदाणा लई निघाला," जसा बाजारातून आल्यावर भाव सांगावा. मी कुणाशी एवढं बोलत नाही, तिच्याशी बोलायचो. एकदा तिनं विचारलं की हे सगळं कशासाठी? मी तिला खोल समुद्राचं सांगितलं. झाकण, कोंडलेला कार्बन, आंबट झालेलं पाणी. ती ब्रश हातात धरून ऐकत होती.

"म्हणजे पेव," ती म्हणाली.

माझ्या लक्षात येईना.

"आमच्या गावात पांढरीत पेवं होती न्हवं का, जोंधळ्याची. जमिनीत खोल. तोंड लिंपून टाकलेलं असायचं. उघडलं की लगोलग आत उतरायचं न्हाई. माणूस मरतंय. आधी उघडं टाकून ठेवायचं, मग कंदील सोडायचा. कंदील इझला तर कुणी उतरायचं न्हाई. अन् त्या जोंधळ्याला आंबूस वास असतोय. भाकरीला सुद्धा येतोय."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. पेवातला जोंधळा श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो, तो जड असल्यानं खालीच साठतो. मी चार वर्षं जे वाचत होतो ते या बाईनं तिच्या वडिलांच्या पेवाच्या तोंडाशी उभं राहून पाहिलेलं होतं.

"अगदी तसंच," मी म्हणालो.

"मग त्येला दुर्बीण कशाला पायजे?" असं म्हणून तिनं पुन्हा डोळा लावला.

आता ते वाक्य.

ती कामाला बसली त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मी नांदेडच्या गाडीसाठी निघालो होतो, दारात बसून बूट घालत होतो. तिनं खिडकीपाशी बसूनच विचारलं, "भावजी, फुटकं ठेवू का काढू?" माझ्या डोक्यात तेव्हा दुसरंच होतं. तळाशी राहणाऱ्या एका जातीची अख्खी कवचं वेगळ्या तपासणीला पाठवायची होती, ती चांगली हवीत एवढंच घोळत होतं. मी नाडी बांधत म्हणालो, "फुटकं काय करायचंय? फुटकं टाकून द्या. चांगलं तेवढं ठेवा."

ती "हाव" म्हणाली. मी गाडीला गेलो.

आठ महिने ती चांगलं तेवढं ठेवत राहिली. मी पट्ट्यांवरची कवचं मोजत गेलो, फुटक्यांच्या रकान्यात कधी शून्य, कधी एक, कधी दोन. आणि हेही सांगतो, की सहाव्या-सातव्या नमुन्याला माझ्या मनात पाल चुकचुकली होती. इतकी कमी फुटकी कशी? पण काम झपाट्यानं चाललं होतं. खिडकीपाशी जाऊन एक प्रश्न विचारला असता तर मला माझंच वाक्य ऐकायला मिळालं असतं. मी विचारला नाही.

नांदेडला सरांनी, म्हणजे माझ्या गाईडनी, आलेख टेबलावर पसरला. चाळीस थर, आणि फुटक्यांची रेघ सरळसोट.

"हे काय हो?" सर म्हणाले. "समुद्राच्या तळाला इस्त्री केली का कुणी? अहो, नुसतं धुताना चार कवचं फुटतात. निवडलं कोणी?"

"मीच. म्हणजे... घरी वहिनी मदत करतात थोडी. त्यांनी फुटकी काढून टाकली असावीत."

"तुम्ही सांगितलं नव्हतं त्यांना?"

"सांगितलं होतं."

दोनच शब्द. मला वाटतं माझ्या आयुष्यात मी इतक्या पटकन दुसरं कुठलंच उत्तर दिलेलं नाही.

सर चांगला माणूस. रागावले नाहीत. उलट पुढच्या पंधरवड्यात एका लग्नाला लातूरला आले तेव्हा मुद्दाम घरी आले, वहिनीला वाईट वाटायला नको म्हणून. दादा नुकताच पाळी संपवून आलेला, केसांत डाळीचा भुस्सा. वहिनी चहा घेऊन आली. सर म्हणाले, "ताई, मनाला लावून घेऊ नका हं. यांनी सांगितलं असलं तरी सवयीनं हात तसाच चालतो. तुमचं काम नेटकंच होतं, फक्त आमच्यात फुटकंही मोजावं लागतं."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी बशीतल्या बिस्किटाकडे पाहिलं.

"हाव सर," ती म्हणाली. "माझ्याच हातून गेलं. मिलची सवय."

दादा खो-खो हसला. "सर, ही अशीच हाय. चांगलं तेवढंच ठेवती. म्हणून तर मला ठेवून घेतलंय."

सगळे हसले. मीसुद्धा.

दादा सरांना स्टँडवर सोडायला गेला. मी खुर्चीतच बसून होतो. वहिनी आतून फराळाचा मोठा स्टीलचा डबा घेऊन आली आणि माझ्यासमोर आदळला.

"हे घ्या तुमचं फुटकं."

डब्यात पुड्या होत्या. जुन्या कॅलेंडरचे चौकोन कापून केलेल्या, गोळ्यांच्या पुडीसारख्या घडी घातलेल्या, आणि प्रत्येकीवर तिच्या अक्षरात नंबर. एक ते चाळीस.

"तुम्ही टाकलं नाही?"

"चुनी कुणी टाकतं व्हय?" डाळीचा चुरा, तुकडे, त्याला आमच्याकडे चुनी म्हणतात, ती जनावरांना जाते. "पट्ट्यावरनं चुनी खाली सांडली तर मुकादम बोलायची. निवडायचं म्हंजी वेगळं करायचं. टाकायचं न्हाई. तुम्ही टाका म्हणलात, म्या वेगळं ठिवलं. कवा तरी इचारतील म्हणून."

"मग सरांसमोर का नाही काढलंत?"

"काढलं असतं. मग तुम्ही सरांना काय सांगितलं असतं?"



तिनं पलंगावरची चादर नीट केली आणि पुड्या ओळीनं मांडायला लागली. एक, दोन, तीन. मी नुसता बघत होतो. चाळीस मांडून झाल्यावर ती मागं सरकली.

"बघा. मी डब्यात ठेवताना रोज बघत हुते. हितपर्यंत पुड्या पातळ. मग हे मधले पाच-सहा, ह्येच्यात तर काईच न्हाई, चिमूटभर बी न्हाई, सगळी कवचं धडधाकट. अन् हितून खाली बघा कशा फुगल्यात." तिनं मधल्या पुड्यांवर बोट ठेवलं. "पेव हितं उघडलंय."

माझा आलेख पलंगावर पडला होता, पुड्यांच्या जाडीनं काढलेला. खाली हिमयुग, आंबट पाणी, फुटक्याचा ढीग. मध्ये बर्फ वितळतानाचा काळ, कोंडलेलं बाहेर पडलेलं, खालचं पाणी निवळलेलं, अख्खी कवचं. वर अलीकडचा काळ. तराजू नाही, गणित नाही, आणि दिवसांमागून दिवस तिला ते दिसत होतं. मी विचारलं नाही म्हणून तिनं सांगितलं नव्हतं, एवढंच.

त्या क्षणी मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. मी म्हणालो, "दादा येईल, आवरून ठेवू या."

पुड्या मी कॉलेजात नेल्या आणि महिनाभर बसून मोजल्या. रेघ जशी यायला हवी तशी आली. सरांना सांगितलं की उरलेल्या नमुन्यातून पुन्हा निवडलं. घरीही तेच सांगितलं. वहिनीनं ऐकलं आणि भाकरी उलटली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, की तुमचा विषय साध्या माणसाला कसा समजावून द्याल? मी पेवाचं सांगितलं, कंदिलासकट. परीक्षक खूश झाले. म्हणाले, मातीतलं उदाहरण आहे. ते कुणाच्या मातीतलं हे मी सांगितलं नाही. प्रबंधाच्या सुरुवातीला आभाराच्या पानावर वहिनीचा उल्लेख आहे: घरच्या जबाबदाऱ्या सांभाळून मला मोकळीक दिल्याबद्दल.

दादानं पेढे वाटले. आणि मिलमध्ये, गल्लीत, पाहुण्यांत एक गोष्ट सुरू झाली: "आमच्या हिनं आख्खा समुद्र निवडून फेकून दिला, अन् आमच्या प्रोफेसरनं परत गोळा केला." दादाचं वहिनीवर फार प्रेम आहे. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्यावर हसायचं, ही त्याची रीत. त्याला यात काही लागणारं आहे हे कळायचं कारणच नव्हतं. ते मला माहीत होतं.

हे इतकंच असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. पण दोन वर्षांनी मिलचे मुनीम घरी आले. मिलमध्ये विकायला आलेल्या तुरीतून मूठभर नमुना काढून ताटात पसरून बघतात, किडका किती, फुटका किती, मातेरं किती, आणि त्यावर माल घ्यायचा की नाही ते ठरतं. त्या टेबलावर बसायला मालकांना नजरेची बाई हवी होती. पट्ट्यावरचं काम नाही, टेबलावरचं, खुर्चीवरचं. मुनीमांना वहिनी आठवली होती.

वहिनी आत कणीक मळत होती. तिनं ऐकलं, हात धुतले, पदर नीट घेतला आणि दारापर्यंत आली.

दादा हसत म्हणाला, "अहो मुनीमजी, हिला नका बसवू. हिनं आमच्या प्रोफेसरचा समुद्र फेकून दिला. तुमची तूर बी जाईल."

मुनीम हसले. मी पेपर वाचत बसलो होतो. माझ्यासमोर एकच वाक्य बोलायचं होतं आणि ते बोलायला ही जगातली सगळ्यात योग्य जागा होती. वहिनी दारात उभी होती, ओल्या हातांनी, आणि दादाकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मी पान उलटलं.

"मला कुठं वेळ हाय आता," ती म्हणाली आणि आत गेली. मुनीमांनी दुसरी बाई बघितली.

त्यानंतर ती कधीही दुर्बिणीवर बसली नाही. मी एकदा चाचरत म्हटलं होतं, नवे नमुने आलेत. ती म्हणाली, "नको भावजी. माझ्या हातून फुटकं जातंय." टोमणा होता की माफी होती, मला ठरवता आलेलं नाही. आमचं बोलणं मात्र तुटलं नाही. माझा डबा तीच भरते, माझ्या वाढत्या पोटावर तीच बोलते, ताप आला तर तीच उशाशी बसते. मला हे जास्त जड जातं.

गेल्या महिन्यात तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दिवसातून चार वेळा औषधाचे थेंब घालायचे. दादाला डोळ्यापाशी हात न्यायची भीती वाटते, म्हणून ते माझ्याकडे आलं. ती पलंगावर मान मागं टाकून पडायची, मी पापणी वर धरायचो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, दुपारी, घरात आम्ही दोघंच असताना मी सुरुवात केली.

"वहिनी, ते फुटक्याचं..."

"आधी औषध घाला."

मी थेंब घातला.

"ते त्या दिवशी मी..."

"ठाऊक हाय मला. मीच इचारलं हुतं न्हवं? तुम्ही बूट घालून राहिला हुता."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"बोलायचं काम कुणाचं हुतं?"

मी बाटलीचं टोपण लावत बसलो. ते बसेना.

"राग आहे तुम्हाला?"

"हाय. सांगून ठेवते. समुद्राचा न्हाई. तो तुमचा हुता, तुम्ही बघा. मला त्या टेबलावर बसायचं हुतं." तिचा डोळा मिटलेलाच होता. "हात धुऊन आले हुते मी."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मग ती म्हणाली, "तेरा वर्सं लागली तुम्हाला."

आणि मी, शिक्षक तो शिक्षक, म्हणालो, "तळाला गेलेलं पाणी वर यायला हजार वर्षं लागतात."

ती अशी हसली की औषध गालावर ओघळलं. "मग लौकर आलात म्हणायचं. घाला परत, वाया गेलं."

दुसरा थेंब घातल्यावर मी विचारलं, "दादाला सांगू?" ती गंभीर झाली. दादाला कळलं तर आपल्या हसण्यापायी हिचं काम गेलं हे त्याच्या ध्यानात येईल, आणि तो दोन दिवस जेवणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मला वाटलं ती 'नको' म्हणेल. खरं सांगायचं तर तिनं 'नको' म्हणावं असं मला वाटत होतं.

"ते मी सांगणार न्हाई," ती म्हणाली. "सांगा बी म्हणणार न्हाई, नको बी म्हणणार न्हाई. ते बी माझ्याच डोक्यावर घालू नका."

या रविवारी पाहुणे डोळा बघायला आले होते. दादानं नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "हिचे डोळे म्हणता? हिनं तर..." आणि समुद्राची गोष्ट सांगितली. पाहुणे हसले. वहिनी काळा चष्मा लावून बसली होती, ती कुणाकडे बघत होती ते मला कळलं नाही. मी तेव्हाही बोललो नाही. संध्याकाळी हे लिहायला बसलो.

लिहिणं मला सोपं जातं. दादा वर्तमानपत्राच्या पलीकडे काही वाचत नाही, सर निवृत्त होऊन नांदेडला असतात, आणि माझा प्रबंध कपाटातून कुणी काढत नाही. म्हणजे हे छापून आलं तरी ज्यांना कळायला हवं त्यांच्यापर्यंत ते आपोआप पोचणार नाही, हे मला लिहिताना माहीत आहे. मिलमधली ती खुर्ची मी तिला आता देऊ शकत नाही. सरांना पत्र लिहून प्रबंधातला तो आलेख कुणी काढला ते कळवायचं आहे, आणि ते मी करीन. पण सगळ्यात आधीचं राहिलंय. दादाच्या समोर बसून, वहिनी ऐकत असताना, माझ्या तोंडानं सांगायचं की चूक माझी होती, खोटं मी बोललो, आणि मुनीम आले त्या दिवशी मी गप्प बसलो म्हणून तिचं काम गेलं. ते मी अजून सांगितलेलं नाही.